टेबल, महोगनी, नग एक

सरकारी कचेरीत वर्षातून एकदा निर्जीव वस्तूंची शिरगणती होते. टेबले, खुर्च्या, कपाटे, पंखे, भिंतीवरची घड्याळे या साऱ्यांचा डेडस्टॉक रजिस्टराशी मेळ घालावयाचा, जे सापडेल त्यापुढे खूण करावयाची आणि जे सापडणार नाही त्याबद्दल पत्रव्यवहार सुरू करावयाचा, असा हा विधी आहे. नोकरीनिमित्त कोलकात्यास येऊन मला सहा वर्षे झाली. गेल्या वर्षी हे काम माझ्या वाट्यास आले. जीर्ण झालेल्या रजिस्टराची पाने नव्या वहीत उतरवीत असता एका नोंदीपाशी माझा हात थांबला. ‘टेबल, महोगनी, मोठे, नग एक.’ ज्या टेबलाशी बसून मी सहा वर्षे टिपणे लिहीत आलो, ते हेच होते.

महोगनी हा शब्द इंग्रजी कादंबऱ्यांतून आपल्या ओळखीचा असतो. लॉर्ड लोकांची भोजनगृहे, त्यांतील लांबलचक टेबले आणि त्यांच्या आरशासारख्या पृष्ठभागांत उमटलेली मेणबत्त्यांची प्रतिबिंबे असे काहीसे चित्र त्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे येते. आपण इतकी वर्षे अशा घरंदाज वस्तूवर चहाचा पेला ठेवीत होतो, हे ध्यानी येऊन मला थोडा अभिमान वाटला आणि थोडी लाजही वाटली. त्या दिवशी मी फायली जरा बेताने ठेवल्या.

टेबलाचा एक पाय डगडगत होता. ते दुरुस्त करावे की लिलावात काढावे, असा प्रश्न साहेबांपुढे होता; महोगनी असेल तर दुरुस्तीचा खर्च मंजूर होण्यास अडचण नव्हती. म्हणून एका वृद्ध बंगाली मिस्त्रीला बोलावणे धाडले. त्याने खण बाहेर काढून उलटा केला, पॉलिश न लागलेल्या जागी पटाशीने एक ढलपी उडविली, ती नाकाशी धरली आणि हसून म्हणाला, “बाबू, हे मेहगनी नव्हे. तून आहे. मेहगनीला असा वास येत नाही.” मग ती ढलपी माझ्या हाती देऊन त्याने वाढीची वर्तुळे दाखविली. तुनाच्या प्रत्येक वर्तुळाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग असते, ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. महोगनीत छिद्रे सर्वत्र सारखी विखुरलेली असतात आणि वर्तुळाची सीमा एका फिकट, बारीक रेषेने कळते.

तो गेल्यावर मी विचारात पडलो. मूळ नोंद करणाऱ्या कारकुनाने मुद्दाम खोटे लिहिले असेल, असे मला वाटत नाही. इंग्रजी अमदानीतील लाकूडबाजारात तुनाला ‘इंडियन महोगनी’ असेच नाव होते. त्याने बाजाराचे नाव उतरून घेतले आणि त्यातले पहिले पद गाळले, एवढेच. परंतु हजारो कोसांवरील झाडाचे नाव आमच्या तुनाला द्यावे, इतकी प्रतिष्ठा त्या नावाला आली कोठून? या प्रश्नाच्या मागे लागून मी काही महिने सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसलो. तेथे जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

महोगनी मूळची अमेरिकेची. क्यूबा, जमेका, हिस्पॅनिओला, बहामा ही बेटे आणि फ्लॉरिडाचे दक्षिण टोक हे तिच्या पहिल्या जातीचे माहेर. मोठ्या पानांची दुसरी जात मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून खाली ब्राझील-बोलिव्हियापर्यंतच्या अरण्यांत आढळते. तिसरी, लहान चणीची जात मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचा राजवैद्य वान स्वीटेन याच्या सन्मानार्थ वनस्पतिशास्त्रज्ञ जॅकिन याने १७६० मध्ये या प्रजातीला ‘स्वीटेनिया’ हे नाव दिले. नाव परके असले तरी कूळ आपल्या परिचयाचे आहे. परसातला कडुनिंब, बकाण निंब आणि माझ्या टेबलाचा तून हे सगळे महोगनीचे भाऊबंद होत. मिस्त्रीने टेबलाला महोगनीच्या घरातून बाहेर काढले खरे, परंतु कुळाबाहेर काढले नव्हते!

सुतारकामाच्या दृष्टीने या लाकडाचा पहिला गुण त्याचा शांत स्वभाव हा होय. लाकूड तोडल्यावरही स्वस्थ बसत नाही. हवेतील ओलावा पिऊन ते फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते. आषाढात चौकटीत अडकून बसणारे कोकणातल्या घरातील दार ज्याने खांदा लावून उघडले असेल, त्याला हे सांगावयास नको. शिवाय हे आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. खोडाच्या केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ते कमी आणि वर्तुळांच्या दिशेने अधिक होते; या दोहोंत जितका फरक अधिक, तितकी फळी पीळ खाण्याचा व बाक धरण्याचा संभव अधिक. ओली महोगनी पुरती वाळेपर्यंत पहिल्या दिशेने शेकडा ३ आणि दुसऱ्या दिशेने शेकडा ४ च्या आसपास आकसते. ओकच्या लाकडात दुसऱ्या दिशेचे आकसणे याच्या दुपटीहूनही अधिक असते. म्हणूनच महोगनीचा खण शंभर वर्षांनीही बोटाने ओढावा आणि उघडावा.

दुसरा गुण आकाराचा. जुन्या अरण्यातील महोगनीचे खोड दीड-दोन मीटर व्यासाचे होई आणि पहिली फांदी फार उंचावर फुटे. त्यामुळे टेबलाचा संपूर्ण माथा एकाच सलग फळीचा करता येई. सांधा द्यावा लागत नसे. तिसरा गुण कोरीव कामाचा. तिचा पोत सघन व एकसारखा असल्यामुळे पटाशी कोणत्याही दिशेने फिरविली तरी कड सहसा उडत नाही, आणि धागा बळकट असल्यामुळे पाय बारीक केले तरी भार पेलतात. चौथा गुण टिकाऊपणाचा. पक्क्या गाभ्याला कीड आणि कूज सहज लागत नाही. त्यापूर्वी युरोपातील सामानात जे अक्रोडाचे लाकूड मानाचे होते, त्याला भुंगा पोखरीत असे.

आणि सर्वांच्या शेवटी रूप. ताजी कापलेली महोगनी फिकट गुलाबी असते. उजेडात ती हळूहळू तांबूस होत जाते आणि पुढे गडद तपकिरी-लाल रंग धरते. तिचे धागे एका थरात एका बाजूस व पुढच्या थरात दुसऱ्या बाजूस कललेले असतात. त्यामुळे उभ्या चिरलेल्या फळीवर रेशमी फितीसारखे पट्टे उमटतात आणि पाहणारा बाजूला सरकला की उजळ पट्टा काळा व काळा पट्टा उजळ होतो. खोड जेथे दुभंगते तेथील तुकडा चिरला तर त्यात पिसाऱ्यासारखी किंवा ज्वाळेसारखी आकृती निघते.

हे लाकूड इंग्लंडात कसे शिरले, याची एक आख्यायिका आहे. लंडनच्या गिबन्स नावाच्या वैद्याचा भाऊ वेस्ट इंडिजला जाणाऱ्या जहाजावर कप्तान होता. त्याने जहाजाला भार म्हणून काही फळ्या आणल्या आणि भावाचे घर बांधणे चालू होते तेथे टाकल्या. सुतारांनी ‘फारच कठीण’ म्हणून त्यांस हात लावला नाही. पुढे मेणबत्त्या ठेवण्यास पेटी हवी म्हणून एका कारागिराने त्यातलाच एक तुकडा वापरला. पेटी इतकी देखणी झाली की वैद्याने त्याच लाकडाचे लिहिण्याचे मेज करविले आणि एका डचेसने ते पाहून आपणासाठीही तसेच मागितले. गोष्ट गोड आहे. परंतु कारकुनाला गोष्टीपेक्षा जकातीचे दर अधिक बोलके वाटतात. १७०९ च्या भीषण हिवाळ्यात युरोपातील अक्रोडाची असंख्य झाडे गारठून मेली आणि १७२० मध्ये फ्रान्सने अक्रोडाच्या निर्यातीस बंदी केली. पुढच्याच वर्षी, १७२१ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकेतील आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील जकात उठविली. आरमारासाठी लाकूड स्वस्त व्हावे हा त्या कायद्याचा हेतू होता. लाभ झाला तो जमेकाच्या महोगनीला. १७४० मध्ये इंग्लंडात सुमारे ५२५ टन महोगनी आली, १७५० मध्ये ३,६८८ टन आणि १७८८ मध्ये ३०,००० टनांहून अधिक.

या लाटेवर आरूढ होऊन इंग्रज सुतारकाम आपल्या वैभवाच्या शिखरावर पोहोचले. यॉर्कशरमधील ऑटली गावी १७१८ मध्ये जन्मलेला टॉमस चिपेंडेल लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये दुकान थाटून बसला आणि १७५४ मध्ये त्याने आपल्या सामानाच्या नमुन्यांचे मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातल्या खुर्च्यांच्या पाठी पाहाव्यात. लाकडात फिती विणाव्यात तशी त्यांची जाळीदार नक्षी आहे. इतके लाकूड कोरून काढल्यावर उरलेल्या बारीक पट्ट्यांनी माणसाच्या पाठीचा भार सोसावयाचा, हे कोणत्याही लाकडाला जमणारे काम नव्हे. हेपलव्हाइटच्या खुर्च्यांच्या ढालीसारख्या पाठी आणि शेरेटनच्या टेबलांचे निमुळते सडसडीत पाय यांचेही तसेच. अभिरुची आधी बदलली आणि लाकूड मागून आले, असे आपण समजतो. येथे लाकूड आधी आले आणि त्याने अभिरुचीला वळण लावले, असेही म्हणता येईल.

या सामानाला चकाकी आणण्याची जुनी रीत म्हणजे जवसाचे तेल आणि विटेची वस्त्रगाळ भुकटी घेऊन तासन् तास घासणे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच पॉलिश आले, आणि येथे आपला देश या कथेत प्रवेश करतो. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटात विरघळविलेली चपडा लाख. ती लाख छोटा नागपूर आणि आसपासच्या प्रदेशांत पळस, बोर व कुसुम यांच्या फांद्यांवर एक किडा तयार करतो. तेथील आदिवासी ती खरवडून काढीत आणि कलकत्त्याच्या बंदरातून ती विलायतेस जाई. लंडनच्या दिवाणखान्यात ज्या महोगनीत लोक आपले मुख पाहत, तिची चकाकी पळसाच्या फांदीवरची होती.

लाख कोणी खरवडली हे जसे त्या दिवाणखान्यात कोणास ठाऊक नव्हते, तसेच झाड कोणी तोडले हेही नव्हते. जमेकाची महोगनी आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी तोडली. उसाच्या मळ्यांसाठी जंगल साफ करताना ती आयतीच हाती येई. अठराव्या शतकाच्या मध्याला जमेकाच्या किनाऱ्यानजीकची मोठी झाडे संपली, आणि व्यापाऱ्यांची दृष्टी समोरच्या मुख्य भूमीकडे, होंडुरासच्या उपसागराकडे वळली. आज ज्या देशास बेलीझ म्हणतात, तेथे रंगासाठी लागणारे एक लाकूड तोडणारे इंग्रज आधीच ठाण मांडून बसले होते. भूमी स्पेनची होती. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने त्यांना रंगाचे लाकूड तोडण्याची मुभा मिळाली; महोगनी तोडण्याची परवानगी १७८६ च्या लंडन कराराने मिळाली, तीही उत्तरेस होंडो व दक्षिणेस सिबून या नद्यांच्या दरम्यान. मळे करावयाचे नाहीत, किल्ले बांधावयाचे नाहीत, राज्य स्थापावयाचे नाही. लाकूड तोडा आणि न्या. एका झाडासाठी दोन साम्राज्यांनी असा करार करावा, याला इतिहासात फार जोड सापडणार नाही.

या तोडणीची वर्णने कॅप्टन हेंडरसन यासारख्या त्या काळच्या इंग्रज लेखकांनी लिहून ठेविली आहेत. महोगनी एका ठिकाणी दाट वाढत नाही. घनदाट अरण्यात ती एकटीदुकटी, दूरदूर विखुरलेली असते. म्हणून प्रत्येक टोळीत एक हेर असे. ऑगस्टच्या सुमारास तो आसपासच्या सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यावर चढे आणि अरण्याच्या हिरव्या छतावर नजर फिरवी. त्या दिवसांत महोगनीच्या पानांवर तांबूस-पिवळी झाक येते. ती हेरून, दिशा मनात धरून तो खाली उतरे आणि पायवाट नसलेल्या रानातून थेट त्या झाडापाशी पोहोचे. झाडाच्या बुंध्याला भिंतीसारखे आधार असल्यामुळे दहा-बारा फूट उंच मचाण बांधून त्यावर उभे राहून कुऱ्हाड चालवावी लागे. मग नदीपर्यंत रस्ता करणे. हे काम तोडणीहूनही मोठे. एप्रिल-मे महिन्यांत जमीन कोरडी झाली की बैलांच्या गाड्यांवर ओंडके घालून नदीकाठी आणीत, तेही रात्री, मशालींच्या उजेडात, कारण दिवसाचा उन्हाळा बैलांना सोसत नसे. जूनमध्ये पावसाने नद्या फुगल्या की ओंडके पाण्यात लोटून देत आणि मागोमाग होड्यांतून माणसे निघत. मुखाजवळ नदीवर आडव्या टाकलेल्या साखळदंडाशी ते सारे अडत. तेथे खुणा पाहून मालक आपापला माल वेगळा करीत.

झाड हेरणारा, मचाणावर उभा राहणारा, बैल हाकणारा आणि पुरात ओंडक्यांमागे होडी घालणारा हा माणूस गुलाम होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या वस्तीतील सुमारे तीन चतुर्थांश माणसे गुलाम होती. बायकामुले किनाऱ्यावरच्या गावात आणि पुरुष महिनोन् महिने अरण्यात, अशी तेथील घरांची रचना होती. मालक पुढे सांगत असत की, आमच्या माणसांच्या हाती कुऱ्हाडी व सुरे असतात, तरी ती आम्हांवर उगारली जात नाहीत. तेव्हा ती सुखी असली पाहिजेत. परंतु १७७३ मध्ये तेथे मोठे बंड झाले आणि पुष्कळजण सीमा ओलांडून स्पॅनिश मुलखात पळून जात. १८२० च्या बंडानंतर अधीक्षक जॉर्ज आर्थर याने चौकशी केली, तेव्हा विल व शार्पर या म्होरक्यांना त्यांच्या मालकाने विनाकारण क्रूरतेने वागविले होते व त्यांच्या तक्रारीस आधार होता, असे त्याला स्वतःलाच लिहावे लागले.

येथवर वाचल्यावर मला माझे रजिस्टर आठवले. त्यात नग, वर्णन, किंमत, खरेदीची तारीख असे रकाने असतात. झाड कोणी तोडले यासाठी रकाना नसतो. या तोडणाऱ्या माणसांची नोंद कोणत्याच वहीत झाली नसेल, असे मी मनाशी धरून चाललो होतो. ती समजूत चुकीची ठरली. त्यांची नोंद झाली होती आणि ती व्यवस्थित झाली होती. ब्रिटिश वसाहतींत गुलामांची अधिकृत नोंदपुस्तके ठेवली जात. त्यांत प्रत्येकाचे नाव असे, वय असे. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद करण्याचे ठरले, तेव्हा पार्लमेंटने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती गुलामांना नव्हे, मालकांना. होंडुरासच्या वस्तीत ती माणशी सरासरी ५३ पौंडांहून अधिक पडली, आणि हा दर साऱ्या ब्रिटिश वसाहतींत सर्वांत जास्त होता. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये केली.

मी स्वतः वह्या लिहिणारा माणूस आहे. कोण्या कारकुनाने सुबक अक्षरात ती नावे लिहिली असतील, बेरजा तपासल्या असतील, चूक सापडली तर लाल शाईने दुरुस्त केली असेल आणि संध्याकाळी वही मिटून तो घरी गेला असेल. त्याच्या बेरजेत कदाचित एका शिलिंगाचीही चूक नसेल. हिशेब बिनचूक असणे म्हणजे न्याय होणे, असे आम्हां कारकुनांना वाटू लागते. तो भ्रम या एका नोंदीने माझ्यापुरता तरी दूर केला.

१८३८ नंतर तोडणारा कायद्याने मोकळा झाला. परंतु नाताळच्या सुमारास नव्या हंगामाची भरती होई, तेव्हा त्याला काही महिन्यांचे वेतन आगाऊ मिळे आणि ते सणातच खर्च होई. मग अरण्यात गेल्यावर उरलेल्या वेतनाचा मोठा भाग मालकाच्याच दुकानातील चढ्या दराच्या मालाच्या रूपाने मिळे. हंगाम संपला की खात्यावर कर्ज उरे आणि ते फेडण्यासाठी पुढच्या हंगामाचा अंगठा उठे. उचल घेऊन ऊस तोडणीला जाणाऱ्या आपल्याकडच्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रीत वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. २१ सप्टेंबर १९८१ रोजी बेलीझ स्वतंत्र झाला. त्याच्या ध्वजाच्या मध्यभागी महोगनीचे झाड आहे आणि झाडाच्या दोन बाजूंस, हातांत कुऱ्हाड व वल्हे घेतलेले दोन लाकूडतोडे उभे आहेत. ज्यांना चिपेंडेलच्या पुस्तकात जागा नव्हती, त्यांना त्यांच्या देशाने ध्वजावर जागा दिली.

महोगनी हिंदुस्थानात आली ती १७९५ मध्ये, कलकत्त्यानजीक शिवपूर येथील कंपनी सरकारच्या वनस्पती-उद्यानात. १७८७ मध्ये रॉबर्ट किड याने हे उद्यान स्थापले, तेव्हा कंपनीच्या जहाजांसाठी सागवान वाढवावे हा त्याचा एक हेतू होता. त्याच ठिकाणी वेस्ट इंडिजची ही पाहुणी रुजली. पुढे होंडुरासकडील बियांपासून वाढलेली झाडे निराळी दिसतात, हे उद्यानाचे अधीक्षक जॉर्ज किंग यांच्या ध्यानात आले. शतकभर जिच्या लाकडाने जगातील दिवाणखाने सजले होते, त्या मोठ्या पानांच्या जातीला तोवर शास्त्रीय नावच नव्हते! किंग यांनी १८८६ मध्ये कलकत्त्यातील झाडावरून तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला ‘मॅक्रोफिला’, म्हणजे मोठ्या पानांची, हे नाव दिले. आजही जगातील कोणताही वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे नाव संपूर्ण लिहितो तेव्हा शेवटी ‘किंग’ असे लिहितो.

सामानासाठी मात्र या देशाला महोगनीची निकड कधी भासली नाही. मुंबईच्या गोदीतली वाडियांची जहाजे सागवानाची होती आणि मुंबईचे नक्षीदार फर्निचर शिसवीचे. तरीही नावाचा मोह सुटला नाही. खरी महोगनी दुर्मीळ होत गेली तसतसे ते नाव इतरांना वाटले जाऊ लागले. आफ्रिकेतील ‘खाया’ ही आफ्रिकन महोगनी झाली, फिलिपाइन्समधील दूरच्याही नात्यात नसलेली झाडे फिलिपाइन महोगनी झाली आणि आमचा तून इंडियन महोगनी झाला. ज्या गुणांमुळे ती हवीशी झाली, त्यांनीच तिचा घात केला. सर्वांत सरळ, सर्वांत जाड झाडे प्रथम पडली. वाकडी, खुजी तेवढी बी धरण्यास उरली. ब्राझीलने २००१ मध्ये तिची तोड व निर्यात रोखली. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात वेस्ट इंडिजची जात १९९२ मध्ये, तर मोठ्या पानांच्या जातीची अमेरिकेतील झाडे २००३ मध्ये समाविष्ट झाली. आता परवान्यावाचून तो व्यापार होऊ शकत नाही.

हे वाचन चालू असतानाच सातारा जिल्ह्यातील माझ्या मामेभावाचा फोन आला. “दादा, दोन एकरांत महोगनी लावावी म्हणतो. रोपवाला सांगतो, बारा वर्षांत कोटी रुपये. तू कलकत्त्याला ती झाडे रोज बघतोस, काय करू?” मी त्याला म्हटले की, लंडनच्या टेबलांची महोगनी शंभर-शंभर वर्षे अरण्यात वाढलेली होती. बारा वर्षांच्या खोडात पक्का गाभा थोडा आणि फिकट, कच्चे लाकूड फार. शिवाय तिचा कोवळा शेंडा पोखरणारी एक अळी आहे. तिच्या प्रजातीतील एक अमेरिकेत आणि दुसरी आपल्याकडे तुनावर. शेंडा मेला की झाड फुटते, आणि सरळ खोड हीच तर त्याची किंमत. “लाव, पण बांधावर लाव. आणि रोप देणारा बारा वर्षांनी लाकूड कोणत्या मापाने व कोणत्या दराने घेणार, हे कागदावर मागून घे.” त्याने मागितले. कागद काही आला नाही. दोन एकरांत त्याने नेहमीप्रमाणे सोयाबीन केले आणि बांधावर हौसेने वीस रोपे लावली.

राहिले माझे टेबल. नव्या रजिस्टरात ‘महोगनी’ न लिहिता मी ‘तून’ असे लिहिले, शेऱ्याच्या रकान्यात कारण नमूद केले आणि आद्याक्षरे केली. आता दुरुस्ती नामंजूर होऊन ते लिलावात जाणार, अशी मनाची तयारी केली होती. साहेबांनी मिस्त्रीलाच पुन्हा बोलावून विचारले, की तून असले तर हे किती दिवस टिकेल. तो म्हणाला, “साहेब, इतकी वर्षे टिकलेच आहे. पायाला नवी पाचर मारतो, अजून पन्नास वर्षे जाईल.” खर्च थोडा होता, मंजूर झाला.

पाय बसवून झाल्यावर मिस्त्रीने दोन दिवस कापडाच्या बोळ्याने त्यावर चपड्याचे हात मारले. टेबलाचा माथा असा काही तांबूस झळकू लागला, की पुढच्या महिन्यात तपासणीस आलेले वरिष्ठ अधिकारी त्यावर हात फिरवून म्हणाले, “वा! जुनी महोगनी दिसते.”

“नाही साहेब,” मी म्हटले, “तून आहे. रजिस्टरात तशी नोंद केली आहे.”